हाडाची वस्तू आणि थडग्याची साक्ष

महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने मातीची भांडी, गारगोटीची पाती आणि तांब्याच्या मोजक्या वस्तू यांच्या आधारे झाला असून हाडापासून घडवलेल्या वस्तूंना त्यात कायम मागच्या रांगेत जागा मिळाली आहे. उत्खननाच्या अहवालात खापरांना भरपूर पाने, आणि हाडाच्या टोच्यांना अखेरच्या प्रकरणात, मणी व बांगड्यांच्या शेजारी, चार-दोन परिच्छेद, असाच सर्वसाधारण हिशोब राहिला. त्याला कारणही आहे. खापरावरून संस्कृती ओळखता येते आणि काळाचा अंदाज बांधता येतो, तर हाडाचा टोचा नवाश्मयुगातला असो की सातवाहन काळातला, दिसायला जवळपास सारखाच असतो. आणि कालनिर्णयाच्या कामी न येणारी वस्तू अभ्यासकाच्या नजरेतूनही लवकर उतरते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र हीच वस्तू आहे, आणि तीही विशेषतः ज्या ठिकाणी तिच्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा केली जाते त्या ठिकाणची, म्हणजे थडग्यातली. ती कशी घडवली गेली, कशासाठी वापरली गेली, आणि ती मृतासाठी मुद्दाम ठेवली होती हे कशावरून ठरवायचे, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे हाती असल्याखेरीज तिसऱ्याला हात घालता येत नाही.

ज्या काळाबद्दल लेखी पुरावा अजिबात नाही तो प्रागैतिहासिक काळ, आणि शेती, पशुपालन व धातूचा वापर सुरू झाला असूनही ज्याचे स्वतःचे वाचता येण्याजोगे लेखन उपलब्ध नाही तो आद्यैतिहासिक काळ, असा भेद पुरातत्त्वात केला जातो. दगडाच्या जोडीला तांबे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची ताम्रपाषाण संस्कृती ही या दुसऱ्या वर्गातली. महाराष्ट्रात तिचे सावळदा, माळवा आणि जोर्वे हे ठळक टप्पे असून त्यांचा एकूण विस्तार ढोबळमानाने इ.स.पू. २००० ते इ.स.पू. ७०० असा धरला जातो. त्यानंतरच्या, आणि काही अंशी त्याला समांतर असलेल्या, विदर्भातील लोहयुगीन शिलावर्तुळांच्या दफनांना महापाषाणीय दफने म्हणतात.

बुलढाणा जिल्ह्याची भूमी या सर्व प्रवाहांच्या मधोमध येते. घाटाखालच्या तालुक्यांतून वाहणारी पूर्णा तापीला मिळते, घाटावरची खडकपूर्णा आणि पैनगंगा गोदावरीच्या खोऱ्याकडे जातात, म्हणजे खानदेशातील सावळदा व जोर्वे वस्त्यांचा पट्टा, गोदावरीच्या खोऱ्यातील नेवासे-दायमाबादचा पट्टा आणि पूर्व विदर्भातील शिलावर्तुळांचा प्रदेश या तिन्हींकडे जाणाऱ्या वाटा एकाच जिल्ह्याच्या हद्दीत एकमेकींना भेटतात. पूर्णेच्याच खोऱ्यात, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बोपर्डीकर यांनी १९८४-८५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली, आणि दख्खनचे हे पहिले शेतकरी वऱ्हाडापर्यंत पोहोचले होते हे स्पष्ट झाले. जिल्ह्यातच, संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे, डेक्कन कॉलेजच्या देवतारे यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन करून विटांचा स्तूप आणि आरंभीच्या ऐतिहासिक काळातील संपन्न वसाहत दाखवून दिली. ती वसाहत या व्याख्यानाच्या काळाहून नंतरची आहे. पण पूर्णेच्या गाळात वस्तीचे अवशेष किती चांगले टिकू शकतात याची ती साक्ष आहे.

हाडाचे टिकणे हा मातीचा प्रश्न आहे. हाड हे वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज आणि उरलेले प्रामुख्याने कोलॅजेन नावाचे तंतुमय प्रथिन अशा मिश्रणाचे बनलेले असते. खनिजामुळे त्याला कठीणपणा येतो आणि कोलॅजेनमुळे चिवटपणा. आम्लधर्मी जमिनीत खनिज विरघळून हाड नाहीसे होते. दख्खनची काळी जमीन अल्कधर्मी आणि चुनखडीने भरलेली असल्यामुळे येथे खनिज टिकते, एवढेच नव्हे तर पाण्याबरोबर झिरपलेला चुना हाडावर कवच धरतो, आणि ते कवच इतके घट्ट असते की प्रयोगशाळेत ते काढताना खालची मूळ पृष्ठभागाची झिलई निघून येण्याची भीती असते. उष्ण आणि आलटून-पालटून ओल्या-कोरड्या होणाऱ्या हवामानात कोलॅजेन मात्र भराभर नष्ट होते. हरियाणातील राखीगढी येथील हडप्पाकालीन दफनभूमीतून प्राचीन डीएनए मिळवण्यासाठी ६१ सांगाड्यांचे नमुने तपासले गेले आणि त्यांतील केवळ एकातून उपयोगी माहिती हाती आली, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले उदाहरण भारतीय मातीतील हाडाची अवस्था सांगायला पुरेसे आहे. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्या या हालचालीत लांब हाडे तुकडे तुकडे होतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, तर क्षारांच्या स्फटिकांनीही पृष्ठभाग फुटत असणार. म्हणून या प्रदेशात हाडाची वस्तू मिळते तेव्हा तिचा आकार बऱ्याचदा शाबूत असतो, पण तिच्या अंगावरच्या बारीक खुणा, ज्यांत तिचा सगळा इतिहास साठवलेला असतो, त्या पुसट झालेल्या असतात.

कच्च्या मालाची निवड ही घडणीची पहिली पायरी होय. गाय, बैल, शेळी, मेंढी यांसारख्या खुरी जनावरांच्या गुडघा आणि खूर यांच्या मधले नळीचे हाड हे कारागिराचे सर्वांत आवडते हाड, कारण ते सरळ असते, त्याच्या भिंती जाड असतात आणि त्यावर मांस जवळजवळ नसते. या हाडाच्या पुढच्या अंगावर मधोमध एक नैसर्गिक उभी पन्हळ असते; मूळची दोन हाडे जन्मापूर्वीच जुळून एक झाल्याची ती खूण, आणि हाड नेमके कुठे चिरायचे हे ती कारागिराला आयतेच सांगते. शेळी-मेंढीच्या किंवा हरणाच्या पुढच्या पायातील कोपराचे हाड याहूनही सोपे, कारण त्याचे एक टोक मुळातच निमुळते आणि दुसरे हातात धरण्याजोगे असते; थोडे घासले की टोचा तयार. हरणवर्गातील चितळ-सांबरांची फांदेदार शिंगे हीदेखील खरे तर हाडेच असतात. ती दर वर्षी गळून पडतात, म्हणून शिकार न करताही रानात वेचता येतात, आणि त्यांत खनिजाचे प्रमाण हाडापेक्षा कमी असल्यामुळे ती धक्का अधिक सोसतात. गाय, बकरी, काळवीट यांचे शिंग निराळे: आतला हाडाचा खुंट सोडला तर बाहेरचे आवरण नखासारख्या पदार्थाचे असते आणि मातीत ते टिकत नाही. त्यामुळे प्राचीन लोक शिंगाच्या वस्तू करत नव्हते असे जे सहज वाटते त्यात फारसा अर्थ नाही. त्या केल्या असल्या तरी त्या आज मिळणार नाहीत.

घडणीचे दोन मार्ग होते. पहिला सोपा आणि स्वयंपाकाशी जोडलेला. मगज काढण्यासाठी ताजे हाड दगडाने फोडले की ते नागमोडी, पिळदार रेषेत फुटते आणि लांब, अणकुचीदार कपच्या मिळतात. त्यांतील सोयीची कपची उचलून घासायची. दुसरा मार्ग नियोजनाचा. त्यात गारगोटीच्या कोरणीने हाडाच्या लांबीला समांतर दोन खाचा, आतील पोकळीपर्यंत पोहोचतील इतक्या खोल, कोरल्या जातात आणि मधली पट्टी पाचर घालून सोडवून घेतली जाते. पहिल्या मार्गात काय मिळेल हे हाडावर अवलंबून असते, दुसऱ्यात ते कारागीर आधी ठरवतो. आणि एखाद्या वस्तीत कोणता मार्ग अधिक चालत होता हे तयार वस्तूंपेक्षा टाकून दिलेल्या तुकड्यांवरून अधिक चांगले कळते. खाच पाडून सोडून दिलेले अर्धवट हाड, कापून वेगळे केलेले सांध्याचे टोक, पाचर घालताना आडवी तुटलेली पट्टी यांना उत्खननात मोठी किंमत असायला हवी. प्रत्यक्षात ते जनावरांच्या हाडांच्या पोत्यात जातात आणि प्राणिशास्त्रज्ञाच्या मेजावर वर्षानुवर्षे थांबून राहतात.

पट्टी हाती आल्यावर तिला आकार देण्याचे काम पात्याने तासून होते. पाते हाडावरून ओढताना ते मधूनमधून अडखळते आणि उड्या मारते, त्यामुळे लांब समांतर ओरखड्यांना काटकोनात बारीक लाटांसारख्या खुणा उमटतात. भिंगाखाली त्या पाहिल्या की तासणाऱ्या हाताची दिशाही सांगता येते. मग खरखरीत दगडावर पाणी घालून घासणे. पाटा-वरवंट्याचा काळा दगड जिथे घरोघर होता तिथे घासण्याच्या साधनाची उणीव नव्हती. घासण्याच्या चऱ्या आडव्या किंवा तिरप्या असतात आणि त्या तासण्याच्या उभ्या खुणा झाकून टाकतात, म्हणून एकाच टोच्याच्या मधल्या भागावर उभ्या आणि टोकाशी तिरप्या खुणा दिसल्या तर टोक नंतर, बहुधा बोथट झाल्यावर, पुन्हा घासलेले आहे असे समजावे. शेवटी चामड्याच्या तुकड्याने, त्यावर बारीक रेती किंवा राख घेऊन, झिलई. भोक पाडायचे असेल तर दोन्ही बाजूंनी सामत्याने, म्हणजे गारगोटीच्या टोकाच्या हातगिरमिटाने, कोरत मध्यावर गाठ घालायची. त्यामुळे जुन्या भोकांची तोंडे रुंद आणि मध्य अरुंद असतो. हाड आधी पाण्यात भिजवले तर ते कोरायला सोपे जाते; मंद विस्तवावर शेकले तर पृष्ठभाग टणक होतो, पण प्रमाण चुकले की सगळी मेहनत ठिसूळ होऊन हातात मोडते. आधुनिक प्रयोगांत साधा टोचा तासा-दोन तासांत तयार होतो. म्हणजे ही दुर्मीळ कारागिरी नव्हती, घरातल्या कोणालाही जमण्याजोगे काम होते, आणि थडग्यातील वस्तूचे मोल ठरवताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

टोकदार हाडाच्या वस्तूला अहवालात सरसकट टोचा किंवा बाणाग्र असे नाव मिळते, आणि या नावांवरच समाधान मानण्याची सवय अभ्यासात खोल रुजलेली आहे. वापराच्या खुणांचा सूक्ष्मदर्शकाखाली पद्धतशीर अभ्यास रशियन संशोधक सेर्गेई सेम्योनोव यांनी सुरू केला आणि १९५७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर या प्रश्नाची मांडणीच बदलली. चामड्यात भोके पाडणाऱ्या आरीचे टोक गोल गुळगुळीत होते आणि तिच्यावर टोकाभोवती फिरणाऱ्या बारीक रेषा उमटतात, कारण ती पिळत पिळत आत घातली जाते. चटई, टोपली किंवा गोणपाट विणताना-शिवताना वापरलेल्या दाभणावर झिलई टोकापासून बऱ्याच वर, नेढ्यापर्यंत, चढलेली असते आणि दोऱ्याच्या घर्षणाने नेढ्याची एक कड खोलगट होते. बाणाच्या टोकाला झिलई जवळजवळ नसते. तिथे आदळल्याने उडालेला टवका किंवा टोकापासून मागे सरकलेली लांब चीर दिसते. आकारात एकसारख्या तीन वस्तूंची तीन निरनिराळी आयुष्ये अशी वेगळी काढता येतात. आरी पुढे बोथट होऊन सुतासाठी वापरली गेली, किंवा मोडलेल्या बाणाग्राची आरी झाली, असेही वारंवार आढळते. अशा वस्तूला एकच नाव देण्याचा आग्रह हा अभ्यासकाच्या सोयीसाठीच असतो.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाण लोकांना हाडाची सवय चांगलीच होती. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील कावठे या सावळदा संस्कृतीच्या वस्तीत हाडांची हत्यारे लक्षणीय संख्येने मिळाली. इनामगावच्या शेजारच्या वाळकी येथे जनावराच्या हाडाचा नांगराचा फाळ म्हणून ओळखली गेलेली वस्तू सापडली, आणि तांबे महाग व लोखंड अज्ञात असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नाही. गोठ्यातली जनावरे, त्यांचे मांस, त्यांची हाडे आणि त्या हाडांची अवजारे ही एकाच घरातली साखळी होती.

असे असताना थडग्यांकडे वळले की चित्र एकदम बदलते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली १९६८ ते १९८३ या काळात झालेले उत्खनन हे दख्खनमधील ताम्रपाषाण दफनांचे सर्वांत मोठे भांडार आहे. तेथे दोनशेहून अधिक दफने उघडकीस आली. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून, ते रांजण आडवे ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे निजवलेले होते आणि पुष्कळांची पावले घोट्यापाशी तोडलेली होती. चार पायांच्या, मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेल्या एका प्रौढ पुरुषाची पावले मात्र शाबूत होती, यावरून त्याचा मान वेगळा असावा असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. सोबत ठेवलेल्या वस्तूंत वाडगे, तोटीची भांडी आणि काही वेळा मणी आहेत. घरात हाताशी असणारी हाडाची अवजारे या शिदोरीत ठळकपणे दिसत नाहीत.

येथे एक तांत्रिक अडचण नीट समजून घ्यावी लागते. इनामगाव, नेवासे, दायमाबाद येथील बहुतेक दफने स्वतंत्र स्मशानात नसून राहत्या घरांच्या जमिनीत किंवा अंगणात खणलेली आहेत. असा खड्डा खणताना जुन्या थरांतील राख, खापरे, जनावरांची हाडे आणि मोडके टोचे वर येतात, आणि पुरल्यावर तीच माती पुन्हा खड्ड्यात लोटली जाते. परिणामी सांगाड्याजवळ सापडलेला टोचा मृतासाठी ठेवलेला असेल, किंवा तीन पिढ्यांपूर्वी कोणीतरी उकिरड्यावर फेकलेला असेल, आणि दोन्ही शक्यता सारख्याच सशक्त असतात. निर्णय जागेवरच करावा लागतो: वस्तू शरीराला चिकटून होती की भरावात वर-खाली कुठेही होती, आडवी ठेवल्यासारखी होती की तिरपी रुतलेली होती, शाबूत होती की तुटलेली, तिच्या बरोबरची इतर हाडे कुजण्याच्या आणि जळण्याच्या सारख्याच अवस्थेत होती की नाही. या नोंदी खणतानाच झाल्या नाहीत तर नंतर कोणताही सूक्ष्मदर्शक त्या परत आणू शकत नाही. जुन्या अहवालांत थडग्यात मिळालेल्या म्हणून नोंदवलेल्या हाडाच्या वस्तूंपैकी किती खरोखर थडग्याच्या, याचा फेरतपास करणे हे आजच्या पिढीपुढचे खरे काम आहे, आणि ते नव्या उत्खननापेक्षा कमी खर्चाचेही आहे.

मृतासाठी नक्की ठेवलेली वस्तू कशी ओळखता येते याचे उत्तम उदाहरण नेवासे आणि चांडोली या ताम्रपाषाण वस्त्यांतील बालदफनांत मिळते. तेथे मुलांच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांच्या माळा होत्या, आणि तांब्याच्या क्षारांमुळे जंतूंची वाढ रोखली गेल्याने मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचे अंश शिल्लक राहिले. नेवाशाच्या दोऱ्यात कापूस व रेशीम आणि चांडोलीच्या दोऱ्यात जवसाचा धागा ओळखला गेला. माळ गळ्याशी, दोरा भोकात, आणि तांबे ज्या हाडाला टेकते तिथे हिरवट डाग उमटतो: इतका बोलका संदर्भ असला की शंकेला जागा उरत नाही. हाडाच्या टोच्याला असा साक्षीदार नसतो. कोणत्या सुईने तो दोरा ओवला, कोणत्या सामत्याने भोके साफ केली, याचा विचार मात्र करता येतो, आणि त्या कामांत हाडाची अवजारे जवळपास असणार हे उघड आहे. मुलाच्या गळ्यात दुरून आणलेल्या तांब्याचे मणी गेले, ते ओवणारी सुई घरातच राहिली. जे सहज मिळते आणि उद्याच्या कामाला लागणार आहे ते पुरले जात नाही, एवढे साधे गणित यामागे असावे. त्यात धार्मिक निषेध शोधण्याची गरज नाही. आज अनेक घरांत हाडाला विटाळ मानतात म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीही तसेच मानत असतील, हा तर्क विशेष फसवा आहे, कारण तीच माणसे जमिनीखाली आपली मुले ठेवून त्याच जमिनीवर चूल पेटवत होती. आणि घोट्याचा सांधा नेमका कुठे सुटतो, हे त्यांना ठाऊक होते. ते ज्ञान जनावर सोलता-कापताना आणि त्याच्या पायाच्या नळीचे टोचे करताना हाताला आलेले असणार.

दख्खनच्या या संयमाच्या अगदी उलट वर्तन गंगेच्या मैदानातील मध्याश्मयुगीन शिकारी लोकांचे आहे. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यात महदहा येथे अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या उत्खननात एका जुन्या तळ्याच्या काठी वस्ती-नि-दफनभूमी आणि तिच्या शेजारी जनावरे कापण्याची जागा अशी रचना मिळाली. कापण्याच्या जागेत हाडांचे ढीग, हाडाच्या व शिंगाच्या वस्तू आणि त्या बनवताना उरलेले तुकडे होते, आणि दफनांत काही सांगाड्यांच्या गळ्याशी व कानाशी हाडाची आभूषणे होती. जवळच्याच दमदमा येथील एका दफनात हस्तिदंताचे लोलक मिळाले. या लोकांकडे ना तांबे होते ना मौल्यवान दगडांच्या मण्यांचा भरपूर पुरवठा. त्यांच्या अंगावर मिरवण्याजोगे जे होते ते हाडाचेच होते, आणि ते घालूनच माणूस खड्ड्यात गेला. अंगावरचे आभूषण शरीराबरोबर जाते आणि हातातले अवजार मागे राहते, हा भेद महदहा आणि नेवासे या दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. बदलला तो पदार्थ. काश्मीरमधील बुर्झहोम येथेही, जिथे भारतातील नवाश्मयुगीन हाडी अवजारांचा सर्वांत समृद्ध संग्रह मिळाला आहे, तिथल्या दफनांत सोबतच्या वस्तू फारच थोड्या आहेत. अवजारांऐवजी तेथे अख्खी कुत्री आणि रानटी जनावरे माणसांच्या जवळ पुरलेली आढळतात.

अवजार आणि आभूषण ही विभागणी नेहमीच स्वच्छ नसते, हे दाखवणारे उदाहरण इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील आहे. अप्टन लव्हेल येथील एका ब्राँझयुगीन थडग्यात, जे १८०१ मध्ये विल्यम कनिंग्टन याने खणले, हाडाचे भोके पाडलेले डझनावारी टोचे मिळाले. सांगाड्याच्या पायांपाशी आणि छातीपाशी ते रांगेत होते. म्हणजे एखाद्या वेशाला लोंबत्या झालरीसारखे शिवलेले असावेत. त्यावरून पुढे विसाव्या शतकात त्या मृताला मांत्रिक ठरवण्यात आले आणि ते वर्णन बराच काळ टिकले. अलीकडे, २०२२ मध्ये, त्याच थडग्यातील दगडी अवजारांच्या पृष्ठभागावर सोन्याचे कण आढळल्याचे संशोधकांनी प्रसिद्ध केले, आणि तो माणूस सोनारकाम करणाराही होता असे दिसू लागले. टोच्यांचा आकार बदलला नव्हता, दगडांचे स्थान बदलले नव्हते. नव्याने पाहिली गेली ती झीज आणि अंगाला लागलेली धूळ. त्याच परगण्यात, स्टोनहेंजजवळच्या विल्सफर्ड येथील थडग्यात, माणसाच्या मांडीच्या हाडापासून केलेले फुंकून वाजवण्याचे वाद्य मिळाले आहे. थॉमस बूथ आणि जोॲना ब्रूक यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालमापनानुसार ज्याचे ते हाड होते ती व्यक्ती आणि ज्याच्यासोबत ते पुरले गेले तो माणूस यांच्या काळात फार मोठे अंतर नाही. म्हणजे ते ओळखीच्या माणसाचे हाड असू शकते. येथे कच्चा माल, आठवण आणि वाद्य ही तिन्ही एकच वस्तू झाली आहेत. दख्खनमध्ये पावले तोडण्याची प्रथा असूनही माणसाच्या हाडाचे असे अवजार बनवण्याचा प्रघात पुढे आलेला नाही, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

विदर्भातील शिलावर्तुळांत हाडाची भूमिका आणखी वेगळी होती. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या नागपूर परिसरातील स्थळी शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननांतून लोखंडाची हत्यारे, तांब्याची भांडी, सोन्याचे दागिने आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. माहुरझरीच्या घोड्यांच्या डोक्यावर तांब्याचा साज होता. हे लोक लोखंडाची छिन्नी आणि कुऱ्हाड थडग्यात ठेवत होते, म्हणजे अवजार मागे ठेवण्याचा ताम्रपाषाण शेतकऱ्यांचा नियम त्यांनी मोडला, पण लोखंडी अवजाराला तेव्हा जी प्रतिष्ठा होती ती पाहता तो मोडणे समजण्याजोगे आहे. हाड येथे वस्तू म्हणून न येता घोडा म्हणून, देहाच्या स्वरूपात, आले. मुरूम आणि दगडगोट्यांच्या भरावातून दर पावसाळ्यात पाणी झिरपत राहिल्याने या वर्तुळांतील मानवी सांगाडे मात्र बहुधा तुकड्यांच्या अवस्थेत मिळतात, त्यामुळे एखादा हाडाचा टोचा तेथे मुळात असला तरी तो माणसाच्या किंवा घोड्याच्या बरगडीच्या कपचीपासून वेगळा ओळखणे सोपे नसते.

पूर्णेच्या खोऱ्यात थडग्यातील हाडाच्या वस्तूंचा हा प्रश्न पांढरीच्या टेकाडांशी जोडलेला आहे. जुन्या वस्तीच्या राखेने, शेणाने आणि हाडांनी भुरकट झालेली ही माती स्फुरदयुक्त असते, म्हणूनच ती पिढ्यानपिढ्या शेतात खत म्हणून टाकली गेली आणि धाब्याच्या घरांवर पसरली गेली. गाडीने वाहिलेल्या त्या मातीबरोबर टोचे, दाभणे आणि लहानग्यांचे रांजण शेतांत विखुरले. नांदुरा तालुक्यातील जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली भोनचा परिसर येणार असल्याने नदीकाठची टेकाडे तपासण्याला आता मुदत लागली आहे. अशा तपासणीत खड्ड्याची माती बारीक चाळणीतून पाण्याखाली धुऊन घेणे, हाडाचा प्रत्येक तुकडा प्राण्यांच्या हाडांच्या पोत्यात टाकण्याआधी भिंगाखाली एकदा फिरवून पाहणे, आणि चुन्याचे कवच खरवडून न काढता सौम्य आम्लाच्या थेंबांनी तेवढ्यापुरते सोडवणे, या तीन सवयी पाळल्या गेल्या तर नेढ्याच्या कडेवरचा दोऱ्याचा घासरा किंवा आरीच्या टोकाभोवतीच्या रेषा वाचता येतील. तसेच खड्ड्यातील वस्तू शरीराजवळची होती की भरावातली, याची नोंद रेखाचित्रात सेंटिमीटरच्या हिशोबाने त्याच दिवशी घ्यावी लागेल.